चाळीस मिनिटांचे गाणे आणि त्याचा लहानसा तुकडा : ‘द ऑर्ब’ प्रथमच ऐकणाऱ्यांसाठी

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने माझ्या आग्रहाखातर ‘यू.एफ.ऑफ : द बेस्ट ऑफ द ऑर्ब’ हा संग्रह मोबाइलवर लावला आणि दहा मिनिटांनी फोन करून विचारले, “दादा, याच्यात गाणं सुरू कधी होतंय?” त्याचा प्रश्न रास्त होता. मी त्याला संग्रहाचे नाव तेवढे सांगितले होते. तो कशावर, केव्हा आणि कोणत्या क्रमाने ऐकावा याविषयी चकार शब्द काढला नव्हता. पुढील मजकूर म्हणजे त्या फोनला दिलेले सविस्तर उत्तर आहे. परभणीसारख्या गावात राहून, साध्या मोबाइलवर आणि बेताच्या डेटावर हे संगीत ऐकू पाहणाऱ्या कोणालाही ते चालावे अशा बेताने ते लिहिले आहे.

कानाची पूर्वतयारी

‘द ऑर्ब’ हा लंडनचा इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा समूह १९८८ मध्ये ॲलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी या दोघांनी सुरू केला, आणि त्याच्या पहिल्या दहा वर्षांतील नावाजलेल्या रचनांचा हा संग्रह आयलंड रेकॉर्ड्सने १९९८ मध्ये काढला. या संगीताला अँबियंट म्हणतात. हा शब्द परका असला तरी ज्याने गावातला अखंड हरिनाम सप्ताह पाहिला आहे, त्याची निम्मी तालीम आधीच झालेली असते. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. पहारा बदलतो, वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि तार छेडली जातच राहते. दुपारी तीनच्या सुमारास मंडपात डोकावावे : एक आजोबा खांबाला टेकून डोळे मिटून बसलेले असतात, पलीकडे बायका संध्याकाळच्या पंगतीसाठी भाजी निवडत असतात, पोरांची पळापळ चालू असते, आणि या सगळ्यांच्या मागे वीणेचा तोच स्वर चालू असतो. त्याच्याकडे कोणी कान देतो, कोणी आपल्या कामात असतो, आणि दोघांनाही तो पुरतो.

ज्यांनी अँबियंट हे नाव रूढ केले त्या ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते. १९७५ च्या सुरुवातीला एका अपघातानंतर ते अंथरुणाला खिळून होते. एका मैत्रिणीने आणून दिलेली हार्पवादनाची तबकडी त्यांनी कशीबशी लावली खरी, पण आवाज अगदी बारीक राहिला, एका बाजूचा स्पीकर बंद होता आणि पुन्हा उठून काही करण्याची अंगात ताकद नव्हती. त्यामुळे बाहेरच्या पावसात मिसळून येणारे ते संगीत त्यांना तसेच ऐकत पडावे लागले. या अनुभवातून पुढे १९७८ मध्ये ‘अँबियंट १ : म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा अल्बम आला, आणि संगीताने ऐकणाऱ्याला कमीअधिक लक्ष देण्याची मोकळीक द्यावी ही भूमिका ईनो यांनी त्याच्यासोबत लिहून ठेवली.

पॅटरसन हे या परंपरेत थोडे आडवाटेने आले. ‘किलिंग जोक’ या कडव्या रॉक बँडबरोबर सामानसुमानाची कामे करत ते हिंडले होते आणि पुढे ईनो यांचे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या ईजी रेकॉर्ड्समध्ये त्यांनी नोकरी केली. १९८९ मध्ये लंडनच्या ‘हेवन’ या क्लबमध्ये ‘लँड ऑफ ऑझ’ नावाच्या नृत्यरात्री होत असत. तेथे नाचून दमलेल्या लोकांना टेकण्यासाठी एक वेगळी खोली होती आणि त्या खोलीत काय वाजवायचे हे काम पॅटरसन आणि त्यांच्या साथीदारांकडे होते. ईनोंच्या संथ रचना, निसर्गातले आवाज, जुन्या तबकड्यांचे तुकडे असे एकावर एक थर देऊन ते रात्रभर वाजवत. ही पार्श्वभूमी नवख्या श्रोत्याने एवढ्यासाठी ध्यानात ठेवावी की ‘द ऑर्ब’च्या संगीताच्या तळाशी नाचाचा ठेका जिवंत असतो. त्याला ‘अँबियंट हाउस’ असे जोडनाव पडले ते त्यामुळेच; ‘हाउस’ हा क्लबमधल्या नाचाच्या संगीताचा प्रकार. ईनोंच्या विमानतळाच्या संगीतात ठेका जवळजवळ नाही. येथे तो आहे, कधी उघड, कधी बाजूच्या खोलीतून भिंतीआडून यावा तसा.

‘बेस्ट ऑफ’ म्हणजे येथे काय

सदाबहार गीतांच्या कॅसेटवर प्रत्येक गाणे पूर्ण असते, कारण मुळातच ते तीन-चार मिनिटांचे असते. या समूहाच्या रचना मात्र पंधरा-वीस मिनिटांच्या सहज होत. सीडीवर साधारणपणे ७४ ते ८० मिनिटे मावतात. त्यांतील एकच रचना ४० मिनिटांची असेल तर उरलेल्या दहा वर्षांचे काय करायचे, हा प्रश्न संग्रह काढणाऱ्यांपुढे होता आणि त्यांनी तो सर्वांच्याच रीतीने सोडवला : लांब रचनांची रेडिओसाठी किंवा सिंगलसाठी, म्हणजे एकाच रचनेसाठी स्वतंत्र काढलेल्या तबकडीसाठी, केलेली आखूड रूपे घेतली.

आपल्याकडे याला उत्तम दाखला आहे. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांनी तेवढ्यात राग बसवून दाखवला. त्या तबकड्या आजही जीव लावून ऐकल्या जातात. पण त्या ऐकून कोणी असे समजत नाही की बैठकीतला राग साडेतीन मिनिटांत आटोपत असेल. ‘यू.एफ.ऑफ’ ऐकताना हेच भान ठेवावे. माझ्या मते या संग्रहाचा खरा उपयोग निवड करण्यासाठी आहे : यातला जो तुकडा मनात रेंगाळेल, त्याची पूर्ण लांबीची रचना शोधून काढायची. संग्रह एकदा ऐकून ‘द ऑर्ब’ ऐकून झाले असे मानणारा श्रोता आणि दहा मिनिटांत कंटाळून बंद करणारा माझा मावसभाऊ, या दोघांची फसगत एकाच प्रकारची आहे.

तसे करण्यासाठी एका रचनेच्या तीन लांब्या पाठच असाव्यात. ‘ब्लू रूम’ ही रचना संग्रहात काही मिनिटांची आहे. १९९२ च्या ‘यू.एफ.ऑर्ब’ या अल्बमवर ती साडेसतरा मिनिटांची आहे. आणि त्याच वर्षी ती सिंगल म्हणून निघाली तेव्हा ४० मिनिटांना अगदी थोडे सेकंद कमी एवढी होती. ही लांबी हिशेब करून ठरवलेली होती. ब्रिटनमध्ये सर्वाधिक विकल्या जाणाऱ्या सिंगल्सच्या यादीत बसण्यासाठी तेव्हा ४० मिनिटांची मर्यादा होती, आणि यांनी ती काठोकाठ भरली. गंमत अशी की ते सिंगल यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढले. त्यामुळे बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरदर्शन कार्यक्रमात त्यांना बोलावणे आले, तेथे रचनेचा तीनेक मिनिटांचा तुकडा वाजला आणि वाद्ये वाजवल्याचा आव आणण्याऐवजी ही मंडळी समोरासमोर बसून बुद्धिबळासारखा खेळ खेळत राहिली.

साधने आणि सेटिंग

येथे थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण बहुतेकांचा विरस या पायरीवर होतो.

मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये. इतक्या लहान स्पीकरला शंभर हर्ट्झच्या खालचे आवाज जवळजवळ काढताच येत नाहीत आणि ‘द ऑर्ब’च्या रचनांचा पाया नेमका तेथे, बेसमध्ये म्हणजे खालच्या जाड स्वरांत असतो. डग्गा काढून घेऊन नुसती तबल्याची चाट ऐकवावी, तशी ती अवस्था होते. वायरचे साधे इअरफोन याहून कितीतरी बरे. मात्र त्यांची रबरी टोपी कानात घट्ट बसली पाहिजे. फट राहिली तर बेस तिथूनच निसटतो. माझा स्वतःचा किस्सा असा की पहिले कित्येक महिने मी या समूहाला बेसच नाही असे ठामपणे सांगत असे. डब्यात तीन मापांच्या टोप्या आल्या होत्या, त्यांतली मधली मी न बघताच लावली होती. एका रविवारी सहज मोठ्या मापाची टोपी बसवून पाहिली आणि या संग्रहातली ‘पर्पेच्युअल डॉन’ ही रचना सुरू होताच डोक्याच्या मागच्या बाजूला कोणीतरी मोठा ढोल हळूच टेकवून ठेवल्यासारखे वाटले. ज्यांच्याकडे जुना म्युझिक सिस्टिम आणि दोन मोठे स्पीकर आहेत, त्यांनी ते माळ्यावरून खाली काढावेत. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ठेवावेत. कोपऱ्यात ढकलले की बेस घुमतो आणि सगळा चिखल होतो.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात. रचनांचा क्रम उलटसुलट करणारे ‘शफल’ बंद असावे. एक रचना संपत असताना दुसरी तिच्यावर चढवणारा ‘क्रॉसफेड’ हा पर्याय शून्यावर असावा, कारण या रचना आपापल्या वेळेने विरतात आणि ते विरणे हा त्यांचाच भाग असतो. आणि ‘गॅपलेस’ हा पर्याय चालू असावा; संग्रहासाठी तो फारसा लागत नाही, परंतु पुढे अल्बमकडे वळल्यावर एकमेकांना जोडलेल्या रचनांच्या मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता पडली तर ठेच लागल्यासारखे होते.

डेटाचा हिशेबही सांगून ठेवतो. १६० केबीपीएस या दर्जाला ४० मिनिटांच्या ‘ब्लू रूम’ला सुमारे ४८ एमबी लागतात आणि सव्वा तासाच्या पूर्ण सीडीला साधारण ९० एमबी. ज्या गावात रेंज येते-जाते, तेथे रात्रीच्या वेळी किंवा तालुक्याच्या ठिकाणी गेले असताना सगळे डाउनलोड करून घ्यावे. संथ संगीतात मध्येच चक्र फिरू लागले की जो विरस होतो, त्याची बरोबरी लग्नाच्या मंगलाष्टकात गेलेली लाइटच करू शकेल.

आवाज किती ठेवावा? समोरचा माणूस बोलला तर ऐकू यावा, इतका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. पण या संगीताच्या बाबतीत आवाज वाढवण्याचा मोह वेगळ्या कारणाने होतो : सुरुवात इतकी हळू असते की काही वाजत नाही असे वाटून आपण बटण दाबत जातो आणि सहाव्या मिनिटाला बेस आला की कानठळ्या बसतात. पहिल्या दोन मिनिटांत आवाजाला हात लावू नये, हा नियम पाळावा.

वेळ आणि जागा

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतो आणि कूलरची घरघर या संगीतातले सगळे बारीक काम गिळून टाकते. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत ऐकण्याचा हट्ट सोडून रात्री दहानंतर गच्चीवर, जुने घर असेल तर माळवदावर, अंथरूण टाकावे. दिवसभर तापलेली जागा तोवर निवू लागलेली असते, रस्त्यावरची रहदारी कमी झालेली असते आणि लांबून येणारे कुत्र्याचे भुंकणे किंवा मालगाडीचा भोंगा या संगीतात खपून जातो. खपून जातो म्हणण्यापेक्षा तो रचनेतलाच आहे की बाहेरचा, हे कळेनासे होते, आणि ही गोंधळाची अवस्था मला फार आवडते.

एसटीत हे ऐकू नये. इंजिनाच्या आवाजात बेस बुडतो. रात्रीची रेल्वे मात्र चालते. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये नांदेडहून बसून परभणी गेल्यावर वरच्या बर्थवर हे संगीत लावले, तर रुळांचा ठेका त्याला आपोआप साथ करतो.

ज्यांची शेती आहे त्यांच्यासाठी आणखी एक वेळ आहे, ती शेवटी सांगतो.

ऐकण्याचा क्रम

संग्रहाची सुरुवात जिथून होते तिथून सुरुवात करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. पहिल्यांदा ‘लिटल फ्लफी क्लाउड्स’ लावा. १९९० मध्ये आलेली ही रचना मुळातच साडेचार मिनिटांच्या आसपासची आहे, त्यामुळे संग्रहात तिचे फारसे काही गमावलेले नाही. पॅटरसन यांनी ती ‘यूथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्टिन ग्लोव्हर यांच्याबरोबर केली.

ही रचना तीन वेळा ऐकावी आणि प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीला कान लावावा. पहिल्या वेळी बोलणे ऐका. लहानपणी आभाळ कसे होते, असा प्रश्न एक पुरुष विचारतो आणि अमेरिकन गायिका रिकी ली जोन्स आपल्या ॲरिझोनातल्या बालपणीच्या आभाळाविषयी, त्यातल्या रंगांविषयी आणि पिंजलेल्या कापसासारख्या छोट्या ढगांविषयी बोलतात. हे गाणे नाही. एका मुलाखतीतला तुकडा उचलून रचनेत बसवला आहे. अशा उचललेल्या तुकड्याला सॅम्पल म्हणतात. पुढे त्यांचे शब्द तुटू लागतात आणि एकेक शब्द ठेक्यावर परत परत येतो, कीर्तनकार एखादे चरण धरून तेच घोळवतो तसा. (आमच्या परभणीकडे अशा ढगांविषयी कोणी इतक्या लाडाने बोलत नाही. पेरणी होऊन गेल्यावर दिवसभर तेच कापसाचे पुंजके पूर्वेकडे सरकत राहतात आणि थेंब देत नाहीत. त्यामुळे ही रचना मी जूनअखेरीस ऐकतो तेव्हा जोन्सबाईंचा उत्साह मला जरा परका वाटतो, आणि तरी मी ती दर जूनला ऐकतो.)

दुसऱ्या वेळी बोलण्याकडे दुर्लक्ष करून मागे फिरणारी गिटार ऐका. स्टीव्ह राइश या अमेरिकन रचनाकारांच्या १९८७ च्या ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’ या कृतीतून ती घेतली आहे आणि मुळात ती पॅट मेथेनी यांनी वाजवलेली आहे. लहान आवर्तन, पुन्हा तेच आवर्तन, आणि त्याच्यावर थोडे सरकवलेले दुसरे. असे परत परत फिरवलेल्या तुकड्याला लूप म्हणतात. आपण वर्षानुवर्षे लेहरा ऐकत आलो आहोत. तबलजी काहीही करो, हार्मोनियमवरची तीच ओळ फिरत राहते आणि तिच्या आधाराने सम सापडते. लूपकडे त्याच नजरेने पाहिले की ‘तेच तेच वाजते आहे’ ही तक्रार उरत नाही. उसने घेण्यावरून पुढे काय झाले हेही सांगण्याजोगे आहे : राइश यांना हा उपयोग आवडला, तर जोन्स यांच्या बाजूने हरकत घेण्यात आली आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावे लागले.

तिसऱ्या वेळी फक्त बेस धरून चला.

यानंतर ‘पर्पेच्युअल डॉन’ घ्यावी. तिच्यात जमैकाच्या रेगे आणि डब या संगीताचा अंश उघड आहे. डबमध्ये ध्वनिमुद्रण झालेल्या गाण्यातून एकेक वाद्य काढून टाकतात आणि उरलेल्या आवाजांना प्रतिध्वनी देऊन मोकळे सोडतात. हा प्रतिध्वनी दोन प्रकारचा असतो आणि ते ओळखता आले की या समूहाच्या प्रत्येक रचनेत दुप्पट गोष्टी ऐकू येऊ लागतात. वेरूळच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात, ज्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, कमानदार छताखाली उभे राहून एक लांब स्वर लावावा : तो थांबवल्यावरही काही क्षण सगळीकडून वाहत राहतो, कोणत्या भिंतीवरून आला ते सांगता येत नाही. हा झाला रीव्हर्ब. आणि उन्हाळ्यात पाणी तळाला गेलेल्या खोल विहिरीत वाकून ‘ओ’ दिली की तीच ‘ओ’ जरा थांबून, सुटी आणि थोडी मळकी होऊन परत येते. हा झाला डिले. ‘पर्पेच्युअल डॉन’मध्ये विहीर जास्त आहे. संथ रचनांत लेणे जास्त असते. मी लहानपणी आजोळच्या बारवेत वाकून ओरडल्याबद्दल मार खाल्लेला आहे, त्यामुळे डिले माझ्या चटकन लक्षात येतो.

तिसरी रचना ‘टॉक्सिजीन’. १९९७ मध्ये ती ब्रिटनच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली. फ्रान्सचे ज्याँ-मिशेल जार यांच्या ‘ऑक्सिजीन’ मालिकेतील एका भागाचे रीमिक्स, म्हणजे त्याच आवाजांतून नवी मांडणी, करण्याचे काम ‘द ऑर्ब’ला मिळाले होते, यांनी मूळ रचनेचे इतके तुकडे केले की जार यांना ते रुचले नाही, आणि मग यांनी तेच काम स्वतःची रचना म्हणून प्रसिद्ध केले. ती वेगवान आणि थोडी खट्याळ आहे. पहिल्या दिवशी कंटाळा आला तर ही लावून पाहावी. दुसऱ्यांदा तिची गोडी कमी होते, निदान माझी तरी झाली.

चौथी, संग्रहातली आखूड ‘ब्लू रूम’. ती एकदाच ऐका आणि बाजूला ठेवा.

आणि मग ती रचना, जिचे नाव एका श्वासात म्हणून दाखवावे : ‘अ ह्यूज एव्हर ग्रोइंग पल्सेटिंग ब्रेन दॅट रूल्स फ्रॉम द सेंटर ऑफ द अल्ट्रावर्ल्ड’. अतिविश्वाच्या मध्यातून राज्य करणारा, प्रचंड, सतत वाढणारा, धडधडणारा मेंदू. १९८९ मध्ये पॅटरसन आणि कॉटी यांनी ती केली आणि त्याच वर्षाअखेरीस बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमासाठी वाजवली, तेव्हा हे नाव सर्वदूर पोहोचले. तिच्यात मिनी रिपर्टन यांच्या ‘लव्हिंग यू’ या सत्तरच्या दशकातील गाण्याचा उंच, पातळ स्वर मधूनमधून तरंगतो. संग्रहातील रूप आटोपशीर आहे. १९९१ च्या ‘द ऑर्ब्ज ॲडव्हेंचर्स बियाँड द अल्ट्रावर्ल्ड’ या जोडअल्बमवर हीच रचना १८ मिनिटे ४९ सेकंदांची आहे, आणि दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर कापल्याने काय जाते ते नीट कळते : आवाज तेच राहतात, त्यांच्यामधली वाट पाहणे जाते.

संग्रहाची दोन तबकड्यांची आवृत्तीही निघाली होती आणि तिच्या दुसऱ्या तबकडीवर रीमिक्स आहेत. मूळ रचना अंगवळणी पडण्यापूर्वी त्या ऐकण्यात अर्थ नाही. २०१३ मध्ये ‘हिस्ट्री ऑफ द फ्यूचर’ हा याहून मोठा संग्रह आला. तो आधी हाती लागला तरी बिघडत नाही, क्रम वरीलच ठेवावा.

पूर्ण ‘ब्लू रूम’

आता राहिलेली वेळ सांगतो. शेतीपंपाची थ्री फेज लाइट पाळीप्रमाणे रात्रीचीही येते, आणि ज्याच्या रानात गहू-हरभरा उभा आहे त्याला थंडीत मध्यरात्री दारे धरायला जावेच लागते. एका सरीला पाणी लावले की पुढचे दार फोडेपर्यंत बांधावर बसून राहण्याशिवाय काम नसते. माझ्या मावसभावाने डिसेंबरात माझ्या सांगण्यावरून अशा एका रात्री ४० मिनिटांची ‘ब्लू रूम’ लावली. इअरफोन एकाच कानात घालावा, ही अट मी त्याला आधीच घातली होती आणि ती येथेही घालतो : दुसऱ्या कानाने मोटारीचा आवाज ऐकावा लागतो, लाइट गेली की कळावे लागते, आणि रानात पायाशी काय सळसळते याकडेही लक्ष हवे. एका कानाने ऐकताना डावी-उजवी बाजू हरवते, म्हणून फोनच्या सेटिंगमधील ‘मोनो ऑडिओ’ चालू करावे. म्हणजे दोन्ही बाजूंचे आवाज एकाच कानात येतात.

रचनेत काय अपेक्षा ठेवावी? पहिली काही मिनिटे केवळ आवाजांचे धुके असते आणि बेसची ओळ आपल्याला हवी तेव्हा येत नाही. ती आली की बराच काळ तीच राहते. तिच्यावर स्टीव्ह हिलेज यांची गिटार लांबून चमकून जाते. रचनेचे नाव अमेरिकेतील राइट-पॅटरसन या हवाई दलाच्या तळावरील एका खोलीवरून घेतले आहे, जिच्यात उडत्या तबकड्यांचे पुरावे दडवून ठेवल्याची वदंता आहे; रात्री रानात एकटे असताना ही माहिती आठवू नये हे बरे. झोप लागली तर लागू द्यावी, फक्त दार फुटून पाणी शेजाऱ्याच्या रानात जाणार नाही एवढे पाहावे. लक्ष भरकटले तरी मागे जाऊन पुन्हा लावू नये. जिथे असाल तिथून पुढे ऐकावे.

त्या रात्री पावणेदोन वाजता मावसभावाचा मेसेज आला. बॅटरीच्या उजेडात काढलेला भिजलेल्या सरीचा फोटो होता आणि खाली विचारले होते, “दादा, हा बेस कोण वाजवतंय?” मी कळवले की त्यांचे नाव जा वॉबल, पूर्वी ते ‘पब्लिक इमेज लिमिटेड’मध्ये होते, आणि उद्याच्या पाळीला अल्बमवरची साडेसतरा मिनिटांची ‘ब्लू रूम’ लाव, तिच्यात हाच बेस लवकर येतो.